विद्यार्थी परिषद : कायद्यात आहे, कॉलेजात नाही

महाराष्ट्रातली अठरा वर्षांची विद्यार्थिनी लोकसभेसाठी मत देते, विधानसभेसाठी देते, गावच्या ग्रामपंचायतीसाठीही देते. ज्या कॉलेजात तिचा अर्धा दिवस जातो, ज्याच्या फीसाठी घरच्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो, तिथला जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, कोण असावा हे मात्र तिला मत देऊन ठरवता येत नाही. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं राज्यातल्या कॉलेजांमधल्या निवडणुकांवर पडदा टाकला. देशानं ज्या पिढीला सज्ञान मानलं, तिलाच कॉलेजच्या फाटकाआत राज्यानं अज्ञान ठरवलं.

विद्यार्थी नेतृत्वाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन चित्रं लगेच डोळ्यांसमोर येतात. एक, कॉलेजात निवडून आलेला आणि पुढे मंत्री झालेला तरुण. दुसरं, निवडणुकीच्या दिवशी फुटलेल्या काचा आणि गेटवर उभी पोलिसांची गाडी. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण त्यांच्या मधला मोठा भाग कुणी पाहत नाही. हॉस्टेलच्या मेसमधलं अन्न, परीक्षेच्या काळात ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं राहणार, महिनोन्‌महिने रखडलेली शिष्यवृत्ती, मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी, गॅदरिंगसाठी गोळा झालेल्या पैशांचा हिशेब: विद्यार्थी परिषदेचं रोजचं काम हे आहे. ते नीट झालं तर त्याची बातमी होत नाही. झालं नाही तर त्याची किंमत कधी कधी सगळ्या राज्याला मोजावी लागते.

गुजरातनं ती मोजली. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. महागाईनं आधीच घरं पोळलेली होती. मेसच्या बिलावरून पेटलेला असंतोष इतर कॉलेजांत गेला, तिथून शहरांत, आणि तो नवनिर्माण आंदोलन म्हणून ओळखला जाऊ लागला. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच सुमारास बिहारमध्ये पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष लालूप्रसाद यादव होते आणि सरचिटणीस सुशीलकुमार मोदी. मार्च १९७४ मध्ये तिथलं विद्यार्थी आंदोलन उभं राहिलं आणि त्याचं नेतृत्व करण्याची विनंती घेऊन विद्यार्थी जयप्रकाश नारायण यांच्याकडे गेले. हे दोन विद्यार्थी नेते पुढे परस्परविरोधी पक्षांत गेले आणि आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढले, पण सार्वजनिक जीवनातलं त्यांचं पहिलं पद एकाच विद्यार्थी संघातलं होतं.

महाराष्ट्राची परंपराही दुबळी नव्हती. शरद पवारांच्या राजकारणाची सुरुवात पुण्याच्या बीएमसीसीतल्या विद्यार्थी निवडणुकांपासून झाली. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची जोडी अंबाजोगाईच्या कॉलेजात जमली. नितीन गडकरी नागपुरात अखिल भारतीय विद्यार्थी परिषद या संघटनेच्या कामातून पुढे आले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ पर्यंत चाललेल्या नामांतराच्या लढ्यात दलित आणि पुरोगामी विद्यार्थ्यांच्या एका पिढीनं लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. शेजारच्या गोव्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते बसच्या अर्ध्या तिकिटासाठी. खेड्यातून म्हापसा-मडगावच्या कॉलेजात रोज ये-जा करणाऱ्या मुलाला बसभाडं परवडणार की नाही, यावर त्याचं शिक्षण अवलंबून होतं. ती सवलत त्यांनी मिळवली.

मग निवडणुका बंद का झाल्या? कारण खोटं नव्हतं. १९८० च्या दशकात कॉलेजच्या पॅनेलांमागे बाहेरचा पैसा उभा राहू लागला. वर्गप्रतिनिधींच्या मतांवर पदाधिकारी ठरत, म्हणून मतदानाआधी वर्गप्रतिनिधींनाच सहलीच्या नावाखाली गावाबाहेर नेऊन ठेवायचे प्रकार सुरू झाले. कुठे चाकू निघाले, कुठे प्राचार्यांच्या खोलीला टाळं लागलं. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या एनएसयूआयच्या (काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या) नेत्याचा खून झाला आणि पालकांच्या मनातली भीती पक्की झाली. आपलं लेकरू कॉलेजात शिकायला गेलं आहे, जीव द्यायला नाही, असं आईबापांनी म्हटलं तर त्यांना चूक कोण म्हणणार? सरकारला काहीतरी करणं भागच होतं.

सरकारनं केलं ते असं. १९९४ च्या कायद्यात परिषद राहिली, मतदार गेला. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी परिषदेवर आला. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतला एकेक विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या, आणि या सगळ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. कागदावर ही रचना सोज्ज्वळ दिसते. प्रत्यक्षात तिनं प्रतिनिधीचा अर्थच बदलला. पहिला नंबर येणारा मुलगा हुशार असतो, पण वर्गाचं गाऱ्हाणं घेऊन प्राचार्यांच्या दारात उभं राहण्याची जबाबदारी त्याला वर्गानं दिलेली नसते. ज्यानं नेमलं त्याच्याशीच भांडायचं कसं, हा प्रश्न नेमलेल्या प्रतिनिधीपुढे कायम असतो. आणि त्यानं काहीच केलं नाही तर पुढच्या वर्षी त्याला पाडण्याचा अधिकार कुणालाच नसतो.

राजकारण कॉलेजातून गेलं असं म्हणावं तर तेही झालं नाही. प्रत्येक पक्षाची विद्यार्थी संघटना होती तशीच राहिली. निवेदनं, घेराव, कुलगुरूंच्या दालनाबाहेरचा ठिय्या, फलकबाजी हे सगळं चालू राहिलं. गेली ती फक्त एक गोष्ट: या संघटनांपैकी विद्यार्थ्यांना खरोखर कोण हवं आहे, हे मोजण्याचं साधन. निवडून न येता प्रत्येकजण विद्यार्थ्यांच्या नावानं बोलू लागला.

याचा अनुभव २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं घेतला. त्या वर्षी विद्यापीठानं उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासण्याचा निर्णय घेतला. पुरेशी तयारी नव्हती. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासायच्या होत्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, त्यानंतरच्या तारखाही टळल्या. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश अडकले, कुणाची परदेशातली जागा धोक्यात आली, कुणाची नोकरी. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं. त्या उन्हाळ्यात निर्णय घेतला जात असताना टेबलाच्या पलीकडे विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेलं कुणीही बसलेलं नव्हतं. असतं तर गोंधळ टळलाच असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ही पद्धत यंदाच का, चाचणी कुठे झाली, बिघडलं तर पर्याय काय, हे तीन प्रश्न विचारायची गरज सगळ्यात जास्त ज्यांना होती, त्यांच्यासाठी तिथे खुर्ची नव्हती.

योगायोग असा, की त्याच वर्षी १ मार्चपासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ अमलात आला होता आणि त्याच्या कलम ९९ नं ती खुर्ची परत देऊ केली होती. या कलमानुसार कॉलेजच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातून एक प्रतिनिधी यांना कॉलेजमधल्या सर्व विद्यार्थ्यांनी थेट मतदानानं निवडायचं आहे. प्रत्येक वर्गानं आपला वर्गप्रतिनिधीही निवडायचा आहे. पुढे विद्यापीठ पातळीवरची परिषद, आणि तिच्या अध्यक्ष-सचिवांना थेट अधिसभेत (सिनेटमध्ये) जागा. कॉलेजचं अंदाजपत्रक, फी, सोयीसुविधा यांची चर्चा जिथे होते त्या महाविद्यालय विकास समितीवरही विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. म्हणजे ही गॅदरिंगचा मंडप ठरवणारी समिती राहिलेली नाही. पैसा कुठे खर्च होतो ते पाहण्याचा आणि विचारण्याचा अधिकार कायद्यानं विद्यार्थ्याला दिला आहे.

निवडणुका २०१९-२० या शैक्षणिक वर्षात होणार असं जाहीर झालं. कॉलेजांनी मतदारयाद्यांची तयारी केली, कट्ट्यांवर नावं चर्चेत आली. मग विधानसभा निवडणूक आडवी आली आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, कॉलेजंच बंद झाली. कॉलेजं पुन्हा भरली, परीक्षा पूर्ववत झाल्या, युवा महोत्सव सुरू झाले, पण २०२४-२५ चं वर्ष उजाडलं तरी मतपेटी आली नाही. २०१७ मध्ये प्रथम वर्षाला बसलेली मुलं पदवी घेऊन, पदव्युत्तर शिक्षण पुरं करून बाहेर पडली. कलम ९९ त्यांच्यासाठी छापील मजकूरच राहिलं.

याच काळात विद्यापीठात एक निवडणूक मात्र होत राहिली: अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागांची. मुंबई विद्यापीठात २०१८ मध्ये आणि नंतर सप्टेंबर २०२४ मध्ये युवासेनेनं या दहाच्या दहा जागा जिंकल्या. २०२४ ची निवडणूक लांबत लांबत उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे मतदान झालं. पक्षांना विद्यापीठात किती रस आहे, हे यावरून कळतंच. विद्यापीठ सोडून गेलेला पदवीधर मत देतो. विद्यापीठात आज शिकणारा देत नाही. ज्याला निर्णयांचे चटके आज बसतात त्यालाच रांगेबाहेर उभं करणारी ही व्यवस्था कोणत्याही तर्कानं योग्य ठरत नाही.

हिंसेची भीती मात्र झटकून टाकता येत नाही, आणि टाकूही नये. तिच्यावर देशाच्या पातळीवर गंभीरपणे विचार झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००६ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यायालयानं तिच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवारानं ५,००० रुपयांहून जास्त खर्च करायचा नाही. छापील भित्तिपत्रकं नाहीत, फक्त हातानं केलेली, तीही ठरलेल्या जागी. ७५ टक्के हजेरी हवी, विषय राहिलेला नसावा, गुन्ह्याची नोंद नसावी. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय १७ ते २२. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच उभं राहता येईल. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचं सगळं दहा दिवसांत आटपावं. जिथे परिस्थिती नाजूक आहे तिथे नेमणुकीची पद्धत काही काळ चालेल, पण पाच वर्षांत निवडणुकीकडे वळण्याचं उद्दिष्ट ठेवा, असंही समितीनं सांगितलं होतं. महाराष्ट्रानं ही मुदत कधीच ओलांडली आहे.

नियम केले की प्रश्न सुटतो, असं अर्थातच नाही. दिल्ली विद्यापीठात सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झालं आणि मतमोजणी उच्च न्यायालयानं थांबवली, कारण उमेदवारांच्या पोस्टरांनी आणि रंगानं सार्वजनिक भिंती विद्रूप केल्या होत्या. सफाई झाल्यावरच, २५ नोव्हेंबरला निकाल लागला. ज्या विद्यार्थी संघानं अरुण जेटलींपासून दिल्लीच्या मुख्यमंत्री झालेल्या रेखा गुप्तांपर्यंत नेते दिले, तिथली ही अवस्था. पण या प्रसंगातून निवडणूक बंद करण्याचा धडा न्यायालयानंही काढला नाही. भिंती स्वच्छ करा, मग मतं मोजा, एवढंच ते म्हणालं. हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

त्याच शहरात जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं वेगळी पद्धत घडवली आहे. तिथे निवडणूक प्रशासन घेत नाही, विद्यार्थ्यांनीच नेमलेली निवडणूक समिती घेते. मतदानाआधी अध्यक्षपदाचे उमेदवार हजारो विद्यार्थ्यांसमोर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना प्रश्न विचारतात, श्रोत्यांच्या प्रश्नांना तोंड देतात. पैशापेक्षा तिथे युक्तिवादाला वजन आहे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये विद्यार्थी संघाचे अध्यक्ष सीताराम येचुरी मोर्चा घेऊन इंदिरा गांधींच्या निवासस्थानी गेले आणि त्यांनी कुलपतिपद सोडावं ही मागणी त्यांच्यासमोर वाचून दाखवली. इंदिरा गांधींनी ते पद सोडलं. लिंगडोह नियमांच्या वादात या विद्यापीठातल्या निवडणुकाही २००८ पासून २०१२ पर्यंत बंद होत्या आणि नंतर कोरोनानं पुन्हा खंड पडला, पण मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांनी त्या परत मिळवल्या.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पवईच्या आयआयटीत दरवर्षी निवडणूक होते. हॉस्टेल, अभ्यासक्रम, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम यांसाठी वेगवेगळे सरचिटणीस निवडले जातात. उमेदवाराला लेखी जाहीरनामा द्यावा लागतो आणि सोपबॉक्स नावाच्या जाहीर सभेत त्यावरची उलटतपासणी सहन करावी लागते. १९७१ मध्ये सुरू झालेला मूड इंडिगो आणि १९९८ मध्ये सुरू झालेला टेकफेस्ट असे देशभर गाजणारे उत्सव तिथले विद्यार्थीच चालवतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या फीसवलतीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये निवडून आलेल्या विद्यार्थी संघानंच संप पुकारला. गरीब घरातल्या मुलाचं शिक्षण फीवर अडायला नको, हा मुद्दा त्यानं संस्थेच्या आणि सरकारच्या दारात नेला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थी संघटनेनं २०१५ मध्ये १३९ दिवस संप केला. त्यांची प्रत्येक मागणी सर्वांना पटेल असं नाही, पण त्यांच्या वतीनं बोलणारे कोण आहेत, याविषयी कुणालाही शंका नव्हती.

मुंबई-पुण्यातल्या केंद्रीय संस्थांतला विद्यार्थी मत देण्याइतका समंजस आहे. मग गंगाखेड, चाळीसगाव किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातला विद्यार्थी नाही, असं मानायचं काय कारण? खरं तर प्रशिक्षणाची गरज त्यालाच जास्त आहे. मोठ्या संस्थेतल्या मुलाला पुढे येण्याच्या दहा वाटा असतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला सभेत उभं राहून बोलणं, ठराव मांडणं, हिशेब तपासणं, विरोधी मत ऐकून घेणं हे शिकण्यासाठी विद्यार्थी परिषद हीच बहुधा पहिली आणि एकमेव जागा असते. ती बंद ठेवली की नेतृत्व घराण्यातून येतं, नाहीतर कंत्राटदाराच्या गाडीतून. पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण देणाऱ्या राज्यात, गावात उद्या सरपंच होऊ शकणाऱ्या मुलीला आज वर्गाची प्रतिनिधी म्हणून निवडून येता येत नाही.

आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर अंतर्गत तक्रार समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरचे विद्यार्थी सदस्य असायला हवेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीनं निवडलेले असायला हवेत. छळाची तक्रार घेऊन येणारी मुलगी समितीकडे विश्वासानं पाहील की नाही, ते या निवडीवर बरंचसं ठरतं. ज्या कॉलेजात कोणत्याच पदासाठी कधी मतदान झालेलं नाही, तिथे हे तीन विद्यार्थी कसे निवडले जातात, हा प्रश्न प्रत्येक प्राचार्यांना विचारला गेला पाहिजे.

पुढील पानांत हा विषय अनेक बाजूंनी उलगडत जाईल: निवडणुकांचा इतिहास, हिंसेची खरी कारणं, कायद्यातली तरतूद, परिषदेचं रोजचं काम आणि मुलींचा सहभाग. वाचकानं यात आदर्श नेत्यांची चरित्रं शोधू नयेत. नेतृत्व घडतं ते चार-पाच लोकांसमोर दिलेला शब्द पाळताना, जमाखर्चाचा कागद भिंतीवर लावताना आणि निवडणूक हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर येऊन बसताना. हे व्याख्यानं ऐकून येत नाही. पदाची जबाबदारी अंगावर पडली की येतं.

सरकारनं कलम ९९ प्रमाणे निवडणुकांची तारीख जाहीर करावी आणि ती पाळावी. प्राचार्यांनी तोवर वर्गप्रतिनिधी तरी गुप्त मतदानानं निवडून घ्यायला सुरुवात करावी. त्याला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. पालकांनी सुरक्षिततेची हमी जरूर मागावी, पण बंदी मागू नये. आणि विद्यार्थ्यांनी एवढं करावं: आपल्या कॉलेजच्या विकास समितीवर विद्यार्थ्यांच्या दोन जागांवर आज कोण बसलं आहे आणि त्यांना तिथे कुणी बसवलं, हे कार्यालयात जाऊन लेखी विचारावं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.